उन्हातला गार ड्रम

२४ जानेवारी

ही डायरी रोहितच्या दुकानाची. दर वर्षी गिऱ्हाइकाला वाटतात, वरती खताच्या गोणीचं चित्र. रोहित म्हणाला, आई, तुझ्या वाफ्याला काय घातलं, कधी घातलं ते हिच्यात लिहीत जा, म्हणजे नंतर वाद नको. मी चौथी शिकलेली. लिहिता येतं, काना-मात्रा कोणी तपासायला येऊ नये. खताचं दोन ओळीत होतं. मग बाकीचं पान कोरं कशाला ठेवायचं?

तर पैज लागलीय. माझा रोहित सायखेड्याला खताच्या दुकानात कामाला हाय. आता त्याला स्वतःचं दुकान टाकायचंय, इथंच, रस्त्याला लागून. आणि रस्त्याला लागून काय, तर माझा गोठा. मोरी गाय आणि तिची कालवड. म्हणे जनावरं विकू, गोठा पाडू, गोदाम बांधू. मी म्हटलं, आधी मला उचला आणि मग गोठ्याला हात लावा. तो म्हणाला, आई, शेणावर आता काय पिकतंय? मी म्हटलं, तुझ्या गोणीवर पिकलेलं मोरी सुद्धा तोंडात धरत नाय.

असं वाढत गेलं. सून बिचारी ताट वाढून बसलेली, कोणी जेवेना. मग मालकांनी तोडगा काढला. मालक म्हणजे रोहितचा बाप, कारभारी. नाव एकदाच लिहिलं, पुन्हा लिहिणार नाय. विहिरीजवळच्या तुकड्यातून मधोमध पाट जातो. पाटाच्या अलीकडं मी, पलीकडं रोहित. दोन्हीकडं एकच टोमॅटो, एकाच नर्सरीची रोपं, पाणी सारखं. माझ्याकडं शेणखत आणि शेण आंबवून केलेली स्लरी, त्याच्याकडं गोणी. पहिल्या तीन तोड्यांत ज्याच्या टोमॅटोच्या प्लास्टिक जाळ्या जास्त भरतील त्याचं खरं. मी जिंकले तर गोठ्याचं नाव कोणी काढायचं नाय. तो जिंकला तर मी बोलायचं नाय.

हे दुसरं मला अवघड हाय. पण मी हरणारच नाय, तर काय फरक पडतो.

२७ जानेवारी

लावण झाली. बांधापलीकडची सिंधुबाई मदतीला आली, तिचा समाधानही आला. जाळ्या मोजायचं काम सिंधुबाईकडं दिलं, कारण ती माझ्या तोंडावर खोटं बोलू शकत नाय आणि रोहितला तिनं अंगाखांद्यावर खेळवलाय.

समाधानची मागची वांगी वाया गेली होती. छातीएवढी झाडं आणि वांगं शोधून सापडंना. त्याला मालकांनी बांधावर उभं करून झापलं. "युरिया म्हणजे साखर वाटली का तुला? जास्त झाला की नुसता पाला माजतो. फूल टिकत नाय." समाधान मान खाली घालून ऐकत होता. मला बरं वाटलं. आमच्या मालकांना शेतीतलं कळतं, फक्त कंबर वाकवायचा कंटाळा.

संध्याकाळी आणखी एक नवल. मालक म्हणाले, स्लरीचा ड्रम मी ढवळत जाईन, तुझं मनगट दुखतं. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं शेणाला बोट लावलं नव्हतं. मोरी हंबरली तरी मला हाक मारायचे. मी म्हटलं, सूर्य कुठं उगवला बघून या. पण आतून बरं वाटलं. म्हणजे ते माझ्या बाजूला हायेत.

९ फेब्रुवारी

दिलं: स्लरी, झाडाला तांब्या तांब्या. मोरीचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन.

रोपांनी मुळं धरली. मालक सकाळी ड्रम ढवळून ठेवतात, मी धारा काढून, शेण आवरून जाते तेव्हा ऊन चढलेलं असतं. आज काठी सापडंना म्हणून हातानंच तळ खरवडला. ड्रम गार. रांजणात हात घातल्यासारखा गार. काळा ड्रम, उन्हात ठेवलेला, आणि शेण आंबतं तेव्हा तर कोमट लागायला पाहिजे. वास पण डोळ्यात गेला, झोंबला. मालकांना विचारलं तर म्हणाले, विहिरीचं ताजं पाणी ओतलंय, आणि गोमूत्र जरा जास्त पडलं. बरोबर हाय, नवशिका माणूस, अंदाज चुकतो.

पूजा, माझी सून, मागं येऊन उभी राहिली. ती सातपूरची. बाप तिकडं कंपनीत पाळीवर जातो, शेण बघितलं की नाकाला पदर. म्हणाली, "आई, ड्रमचं एक सांगायचं होतं."

मी म्हटलं, आधी घरातली भांडी सांग, घासलीस का? ती गेली.

१६ फेब्रुवारी

कोणी बघावं असं शेत झालंय. माझ्या बाजूची झाडं रोहितच्या झाडांपेक्षा वीतभर वर. पानं काळीभोर, हातात धरली तर जाड लागतात. रोहितची आपली फिकट हिरवी, मापात. तो त्याचं खत पुड्यांनी मोजून घालतो. आठवड्याला एवढं, फूल यायच्या वेळी तेवढं, मग पांढरं खत कमी आणि दुसरं कसलं वाढवायचं. मी म्हटलं, आजारी माणसाला औषध देतोस का झाडाला जेवण?

गल्लीतल्या बाया बघायला आल्या होत्या. सिंधुबाई म्हणाली, चतुराबाई, तुझ्या टोमॅटोत माणूस हरवंल. मी म्हटलं, हरवू दे, गोठ्यात तर सापडंल.

रोहित कालपासून पाटावर येऊन उभा राहतो आणि माझ्या झाडांकडं बघतो. पान उलटं करून बघितलं, खोड दाबून बघितलं. मी म्हटलं, आता शेणाला काय म्हणतोस? तो म्हणाला, "आई, अजून फूल यायचंय."

जळतो बिचारा.

२२ फेब्रुवारी

आज घरात आग लागली. ओसरीवर रोहितच्या गोण्या हायेत. त्यातली युरियाची गोणी हलकी झाली म्हणे. त्यानं मला विचारलं, आई, तू हिच्यातलं काही घेतलंस का?

मी जे बोलले ते इथं लिहीत नाय. मला चोर म्हणतो. त्याच्या गोणीकडं मी ढुंकून बघत नाय, आणि चोरायला मी जाईन? म्हटलं, तुझ्या दुकानात उंदीर पोसलेत, त्यांना विचार. तो गप्प बसला. मालक तंबाखू मळत होते, मळतच राहिले. नंतर एवढंच म्हणाले, पोराच्या मनाला लावून घेऊ नको.

पूजा दारात होती. "आई, मी सांगते," एवढं म्हणाली. मी म्हटलं, नवरा चोर म्हणतो, आता बायको काय डाकू म्हणणार का? तिनं ओठ मिटले. बरंच झालं.

मालकांनी आज रोहितच्या दुकानात दिवस काढला. पंख्याखाली बसून आले. रोहित त्यांना नव्या दुकानात गल्ल्यावर बसवणार हाय म्हणे. मी म्हटलं, आधी दुकान होऊ द्या. ते हसले. लय दिवसांनी हसले.

४ मार्च

फूल आलं. रोहितकडं झुपकेच्या झुपके, पिवळं झालंय. माझ्याकडं शेंडे वाढताहेत, फुलं तुरळक. येईल. मोठ्या झाडाला वेळ लागतो.

११ मार्च

दिलं: स्लरी. आज पण ड्रम गार होता.

फुलं गळाली. देठ पिवळा पडतो आणि नुसता हात लागला की खाली. वाफ्यात चालले तर पायाखाली फुलंच. झाडं अजून वाढतात, सुतळीनं बांधलेली काठी सोडून वर गेली, एकमेकांत गुंतली. आत वारा जात नाय. पाला, पाला, पाला.

मला झोप येत नाय असं लिहिणार होते, पण झोप येते, उठल्यावर आठवतं.

गोठ्यात गेले, मोरीच्या गळ्याखाली खाजवलं. तिला काय, ती जीभ काढून हात चाटते.

१५ मार्च

आज पूजाला बोलले. चार माणसांसमोर बोलले, सिंधुबाई होती, तिची जाऊ होती. म्हटलं, माझ्या ड्रमाजवळ मी आणि मालक सोडून घरातलं तिसरं कोण जातं, तर ही. सारखी ड्रम, ड्रम करत असते. हिनंच काहीतरी ओतलं. भांड्याच्या साबणाचं पाणी ओतलं असेल, नायतर आणखी काही. नवरा जिंकावा म्हणून.

ती रडली नाय, हे मला लागलं. मला वाटलं रडंल. म्हणाली, "मी काही ओतलं नाही, आई. कोण ओततं ते सांगायला मी दोनदा आले होते. तुम्ही कधी कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलंय?"

मी म्हटलं, उगाच तिसऱ्यावर ढकलू नको. तिनं पिशवी भरली आणि सातपूरला माहेरी गेली. रोहित तिला ओझरपर्यंत सोडून आला, जेवला नाय.

मालक म्हणाले, जाऊ दे, चार दिवस राहील, येईल. हे माणूस घरात भांडण झालं की इतकं निवांत कसं राहतं?

३ एप्रिल

पहिला तोडा. रोहितच्या जाळ्या पाटापासून रस्त्यापर्यंत रचल्या. माझ्या बांधावरच मावल्या, आणि त्यातही निम्मा माल बारका. काही टोमॅटो तर खालून काळे पडलेले, चुरगळल्यासारखे. सिंधुबाईनं मोजलं आणि मोजून झाल्यावर माझ्याकडं न बघता फडक्यानं हात पुसत बसली.

पाल्यात हात घालून घालून माझे हात हिरवे झाले. धुतले तरी जाईनात.

८ एप्रिल

दुसरा तोडा, तसाच. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी केला पाहिजे.

१२ एप्रिल

हरले. लिहून टाकलं.

रोहित मला चिडवायला आला नाय. उलट पाणी आणून दिलं. त्याचा मला जास्त राग आला. त्यानं खंडेरावाला निरोप धाडलाय, तो ओझरकडचा, दुधाचा धंदा हाय त्याचा, जनावरं नीट ठेवतो म्हणतात. परवा येईल.

शेण खोटं असतं का? माझ्या सासूनं शेणावर काढलं. मी काढलं. ज्या वाफ्यात कोथिंबीर टाकते तिथं शेणच असतं आणि सगळी गल्ली वास घेत येते. मग टोमॅटोनं मला का फसवलं?

१३ एप्रिल

टोमॅटोनं नाय फसवलं.

सकाळी रोहित ठिबकच्या टाकीत सोडायला बादलीत युरिया कालवत होता. फोन आला म्हणून म्हणाला, आई, जरा ढवळ. पांढरे साबुदाण्यासारखे दाणे. मी नेहमीसारखा हात घातला.

गार. रांजणासारखं गार. बादली उन्हात, पाणी टाकीतलं तापलेलं, आणि दाणे विरघळत होते तसं आणखी गार होत होतं.

मी हात आत तसाच ठेवला. किती वेळ कोण जाणे. रोहित आला, म्हणाला, काय गं? मी म्हटलं, काय नाय, गार लागतंय. तो म्हणाला, "युरिया पाण्यात पडला की पाणी गार पडतंच." जसं काही रोजचंच.

मालक गोठ्यामागं दाढी करत होते. मी दुसरी बादली घेतली, गोणीतलं मूठभर घेतलं, पाणी ओतलं, त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, हात घाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडाला साबण तसाच. म्हटलं, घाला, लागतंय का गार? बघा, ड्रमासारखं लागतं का.

त्यांनी हात घातला नाय. वस्तरा पुसला.

मग बसले आणि बोलले. म्हणाले, "तू हरशील म्हणून टाकला. तुझं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. म्हटलं, शेणाला जरा बळ द्यावं. जास्त झालं असंल."

मला आधी त्यांच्या डोक्यात ती बादली ओतावी वाटलं. मग काय झालं, कळेना. मी तिथंच दगडावर बसले आणि रडले. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं माझ्यासाठी चोरून काय केलं असंल तर हे. चुकीचं केलं, माझं सगळं घालवलं, पण माझ्यासाठी. शेणात हात घातला माझ्यासाठी.

म्हटलं, ठीक हाय, झालं ते झालं. पण पैज खोटी ठरली. खंडेराव यायच्या आधी तुम्ही रोहितला सांगायचं. मोरी राहील. ते म्हणाले, सांगतो.

१४ एप्रिल

खंडेराव टेम्पो घेऊन आला. रोहित होता, सिंधुबाई होती. मी मालकांकडं बघत होते. ते मोरीचं दावं सोडत होते. चहा झाला. खंडेरावानं कालवडीचे दात बघितले. मालक अजून दावंच सोडत होते, गाठ बसली होती म्हणे.

मग मीच म्हटलं. रोहित, माझ्या ड्रमात युरिया पडत होता. पैज खरी नाय. तुझ्या बापाला विचार.

रोहित माझ्याकडं वळला. चिडला नाय, हळू बोलला, तेच वाईट. "आई, गोणी हलकी झाली तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्या झाडांचा काळेपणा बघूनच कळलं होतं. आई हायेस म्हणून गप्प बसलो. आता बाबांवर नको ढकलू."

मी म्हटलं, मी? मी टाकला?

म्हटलं, अहो, बोला.

मालकांनी दावं सोडलं. मोरीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "झालं गेलं ते सोडा. कोणी टाकला काय, पिकलं नाय ते नाय. चला, ऊन व्हायच्या आत चढवा."

सिंधुबाईनं पदर तोंडाला लावला आणि घरी गेली. आता गल्लीत काय म्हणतील ते मला ऐकू येतंय. चतुरानं युरिया चोरला आणि चोरून पण हरली.

मोरी फळीवर चढेना. मी पुढं झाले, मग चढली. तिला वाटलं मी सोबत येतेय.

१७ एप्रिल

गोठा पाडला. गव्हाणीची फरशी तेवढी ठेवायला सांगितली, धुणं आपटायला.

१९ एप्रिल

पूजा आली. चहा ठेवला तिनं.

मालक माझ्याशी जरा गोड बोलतात. बोलले नसतील भिऊन, असं मी मनाला सांगते. पोरासमोर माणूस लहान होतो. माझ्यासाठी केलं आणि सांगायला लाजले. असं सांगितलं की मनाला जरा बरं पडतं.

२३ एप्रिल

गोठ्याच्या जागी अजून पत्रा लागला नाय, पण मालक तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. रस्ता दिसतो, येणारा-जाणारा रामराम करतो. आज समाधान आला. मिरची लावलीय, काय घालू विचारायला. मी गव्हाणीच्या फरशीवर धुणं आपटत होते, ऐकू येत होतं.

मालक म्हणाले, "युरिया हात राखून टाक. माणूस घाईत जास्त टाकतो आणि मग नुसता पाला माजतो, फूल टिकत नाय. हे काय आज शिकलो का मी? शेंबडं पोरगं बी सांगंल."

मी धुणं आपटायची थांबले.

लावणीच्या दिवशी बांधावर उभं राहून त्याच समाधानला हेच सांगितलं होतं. मी जवळ उभी होते. मला तर अभिमान वाटला होता.

पूजा दोरीवर कपडे टाकत होती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, पूजा, तुला ड्रमचं काय सांगायचं होतं? सांग. मी मधे बोलत नाय.

तिला खरं वाटेना. मग म्हणाली की बाबा रोज सकाळी ओसरीवरच्या गोणीतलं डब्यानं घेऊन ड्रममध्ये टाकायचे. रोहितला सांगावं तर बाप-लेकात वैर होईल, म्हणून ती मलाच सांगायला येत होती. एक दिवस तिनं विचारलं, बाबा, हे आईंना चालेल का?

"ते म्हणाले, एकदा हरू दे तिला. म्हणजे घर शांत होईल."

मी मधे बोलले नाय. ती म्हणाली, आई, बसा. मी बसले नाय. ओले कपडे होते ते तिच्या हातातून घेतले आणि वाळत घातले. मग म्हटलं, तुला मी साबणाचं पाणी म्हटलं, ते मनात ठेवू नको. ती म्हणाली, ठेवलंय, पण राहू द्या.

२४ एप्रिल

मालकांना कोरा चहा दिला. म्हणाले, दूध नाय का? मी चुलीकडं बघत राहिले. पुन्हा म्हणाले, अगं, काय विचारतोय मी? पूजानं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. मी बोलले नाय.

दुपारी बाजरी निवडली. संध्याकाळी त्यांनी विचारलं, भाजी काय? ताट ठेवलं, दिसेल ते.

रोहित दुकानातून आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आई, बरं नाय का तुला? घर किती शांत हाय आज."

मालकांचा घास हातातच राहिला.